कड्यावरचा ऐतखाऊ

लुंडाटोफ्ट गावच्या ओलुफ्फाचं वजन कोंबडीएवढं आणि आवाज बोटीच्या भोंग्याएवढा. धुक्यात भरकटलेली मेंढरं तिच्या हाकेसरशी घरी परतत, आणि कधीकधी मेंढरांमागून पलीकडच्या गावची माणसंही येत, कुठे आग लागली की काय ते बघायला. साठी उलटली तरी बाई रोज शिडी लावून छपरावर चढायची. छपरावर हिचं काय काम असतं, असं लुंडाटोफ्टमध्ये कुणी विचारत नसे. छपरावर आधारमूळ होतं.

तिथली छपरं गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्यांची, हिरवीगार. प्रत्येक छपरावर, दाराच्या बरोब्बर वर, आधारमुळाचं एक झुडूप असायचंच. गुबगुबीत निळसर पानं, उन्हाळा लागता लागता हिरवट फुलं, आणि उन्हाळा सरताना लालबुंद तुरे. मूळ कापलं की गुलाबाचा वास दरवळायचा. लुंडाटोफ्टमध्ये गुलाब एकही नव्हता, पण गुलाबाचा वास शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. लेकीचं घर उभं राहिलं की आईनं आपल्या छपरावरच्या मुळाचा एक तुकडा कापून लेकीच्या छपरावर लावायचा, आणि तो लागल्याशिवाय त्या घरात पहिली चूल पेटवायची नाही, असा रिवाज. बी पेरायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लाल तुरा चिमटीत चोळला तर हाती नुसता भुसा यायचा.

एका बाबतीत मात्र गावच्या बायका डोळ्यांत तेल घालून असत. मध्येच एखाद्या छपरावर, कुठल्या पक्ष्यानं कुठून बी आणलं कुणास ठाऊक, भलतंच झुडूप उगवायचं. पानं तीच, पण फुलं भडक पिवळी, दिमाख असा की बघत राहावं. आणि महिन्याभरात सगळं वाळून खाक. लाल तुरा नाही, काही नाही. अशा झुडपाला बायका ‘ऐतखाऊ’ म्हणत. ऐतखाऊ दिसला रे दिसला की उपटायचा आणि गावामागच्या कड्यावरून खाली भिरकावून द्यायचा. “घरात एक आहे तेवढा पुरे,” असं नवऱ्याकडे बघत म्हणायचीही पद्धत होती.

गावातला शेवटचा ऐतखाऊ ओलुफ्फानंच काढला होता, नवी नवरी असताना, सासूच्या छपरावरून. कड्यावर जाऊन तिनं तो असा फेकला की सासू म्हणाली, “सूनबाईच्या हाताला गुण आहे हो!” सासूनं उभ्या जन्मात केलेलं हे एवढंच कौतुक, त्यामुळे ओलुफ्फाच्या ते पक्कं लक्षात होतं.

पुढे सासू गेली, नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि एकुलती एक लेक रान्वा टोर्सहाव्न शहरात मासळीच्या कारखान्यात कामाला गेली. त्या काळात गावातून पोरं जात; येत नसत. घरं एकेक करून बंद पडत होती. पण रान्वा आली! नवऱ्याला घेऊन आली. जावई हानुस शहराच्या झाडबागेत माळी होता. अंगानं दोन माणसांएवढा, बोलायला लाजरा, आणि स्टुलावर चढतानाही भिंत धरणारा. दोघांनी आईच्या घराच्या पलीकडे घर बांधायला काढलं. ओलुफ्फाला इतका आनंद झाला की तो आठवडाभर पलीकडच्या गावालाही ऐकू येत होता.

आणि नेमकी त्याच वर्षी आधारमुळांना सड लागली.

आधी टोकाच्या घरावरचं गेलं, मग शेजारच्या एल्स्पाचं, मग एकामागून एक सगळ्यांची. हात लावला की मूळ चिखलासारखं बोटात यायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी अख्ख्या गावात एकच झुडूप धडधाकट उरलं, ओलुफ्फाच्या छपरावरचं. ती रोज त्याच्या बुडाशी नाक खुपसून बसायची. गुलाबाचा वास होता, पण पातळ झाला होता. कापायला सुरी नेली आणि तशीच परत आणली, कारण तुकड्याबरोबर सडही लेकीच्या घरी जाणार हे तिला कळत होतं. तिची झोप उडाली.

“आई, मूळ नसलं तर नसलं,” रान्वा म्हणाली. “त्याच्यावाचून काय आम्ही आभाळाखाली झोपणार आहोत?”

“मूळ नसलेलं घर टिकत नाही.”

“कोण म्हणतं असं?”

“ती सगळी बंद घरं बघ. त्यांना विचार.”

“अगं, ती माणसं कामधंद्यापायी गेली!”

“आधी मूळ गेलं, मग माणसं गेली. मला शिकवू नकोस.” ओलुफ्फाचा आवाज चढला, आणि मग एकाएकी उतरला. “तू आलीस, रान्वा. तू जायला नकोस, एवढंच.”

हानुस कधी नव्हे ते बोलला. “आई, त्या झाडाचं एक फूल खाली आणाल का? मला शिडीवर... म्हणजे तुम्हीच आणा.”

ओलुफ्फानं फुलांचा एक झुपका आणला. हानुसनं खिशातून भिंग काढलं आणि दारात उकिडवा बसून एकेक फूल निरखलं. मग तो उठला आणि गावभर फिरून मेलेल्या झुडपांचे गेल्या वर्षीचे वाळके तुरे गोळा करून आला. तेही पाहिले. त्याचे कान लाल झाले. खूश झाला की त्याचे कान लाल होत.

“आई, ही बाई आहे.”

“कोण बाई?” ओलुफ्फानं मागं वळून पाहिलं.

“हे झाड. या जातीत बाई वेगळ्या झाडावर, बुवा वेगळ्या झाडावर. तुमच्या गावात सगळ्या बायकाच आहेत. खरं म्हणजे सगळ्या मिळून एकच बाई आहे. तुकडे करकरून घरोघर दिलेली. म्हणून तर जी सड एकीला लागली ती सगळ्यांना लागली. बी धरलं असतं तर प्रत्येक पोर वेगळं निघालं असतं. चार मेली असती, दोन तगली असती.”

“मग बी का नाही धरत ही?”

“कसं धरणार? नवरा कुठाय?”

ओलुफ्फा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “नवरा दिसतो कसा?”

“पिवळा. भडक पिवळा. फुलांत पिवळी भुकटी असते, माश्या ती अंगाला लावून बाईकडे नेतात. फुलून झालं की तो वाळतो. मागे तुरा राहत नाही.”

ओलुफ्फानं हात लांब करून शिडी धरली. मग शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली. “अरे देवा,” ती म्हणाली. “ऐतखाऊ!”

तासाभरात ही बातमी लुंडाटोफ्टच्या घराघरात पोचली. मासे साफ करता करता, कॉफी पिता पिता माणसं हसून हसून डोळे पुसत होती. एल्स्पाचा नवरा डेम्मुस, जो रविवारी देवळात पाद्र्याच्या जागी प्रवचन वाचायचा, त्याला तर आयतंच कुरण मिळालं.

“आज कळलं!” तो अंगणात उभा राहून म्हणाला. “पिढ्यान् पिढ्या या बायका नवऱ्यांना कड्यावरून फेकत आल्या आणि वर विचारतात, पोरं का होत नाहीत!”

“एक फेकायचा राहून गेला,” एल्स्पा खिडकीतून म्हणाली. “ते आमचंच चुकलं.”

हसण्यात ओलुफ्फा नव्हती. ती कड्याच्या दिशेनं बघत होती. तिला स्वतःचा तरणा हात आठवत होता, पिवळं झुडूप हवेत गेलेलं आठवत होतं, आणि एक गोष्ट जी तेव्हा सासूच्या कौतुकापुढे तिनं मनावर घेतली नव्हती: ते झुडूप पाण्यात पडल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. वाऱ्यानं ते आत ओढलं गेलं होतं, कड्याच्या अंगाला.

“डेम्मुस! होडी काढ!”

“आत्ता? जेवण व्हायचंय.”

“जेवशील नंतर. वाळवलेलं मटण कुठे पळून जात नाही.”

होडी कड्याच्या खालून निघाली तेव्हा ओलुफ्फा मधोमध उभी होती आणि डेम्मुस “बस गं बाई, बस” म्हणून घसा कोरडा करत होता. हजारो पक्षी कड्यावर कलकलत होते. काळा खडक, पांढरी विष्ठा, हिरवं शेवाळ, पुन्हा काळा खडक. आणि मग, वरून निम्म्याच्या थोडं खाली, जिथे मेंढराचा खूर कधी टेकला नसेल अशा एका अरुंद कंगोऱ्यावर, पिवळा डाग. नुसता डाग नव्हे, कंगोराभर पसरलेला पिवळा पट्टा!

“आहेऽऽ!” ओलुफ्फा अशी ओरडली की निम्मा कडा पांढरा होऊन हवेत उडाला. डेम्मुसच्या हातातलं वल्हं सुटलं. “आहे रे! जिवंत आहे! मेला नाही तो! कसा बसलाय बघ ऐटीत!”

“तू फेकलेला तोच?”

“तोच! माझ्याच हातचा!” आणि ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

खालून तिथे चढता येणं शक्य नव्हतं. वरून दोर सोडूनच जायला हवं होतं, जशी पूर्वी पक्षी धरायला माणसं उतरायची. आणि घाई होती. हानुसनं हिशेब सांगितला: छपरावरची बाई फुलून गेलीय, तिची फुलं फार तर आठवडाभर टिकतील. मग पुढच्या वर्षीच. आणि पुढच्या वर्षापर्यंत ती जगेल असं कुणाच्यानं म्हणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. असलं धुकं की अंगणातून घर दिसेना. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. अशात कड्यावर दोर टाकणं म्हणजे माणूस गमावणं. ओलुफ्फा छपरावर बसून धुक्याला शिव्या घालत होती. हानुस खालून समजूत काढत होता, “आई, धुकं थंड असतं, थंडीत फुलं जास्त टिकतात. ते आपल्याच बाजूचं आहे.” ओलुफ्फानं त्यालाही चार ऐकवल्या.

मग रविवार उजाडला. सगळं गाव देवळात. डेम्मुसनं चष्मा चढवला आणि जाडजूड पुस्तकातून प्रवचन वाचायला घेतलं. प्रवचन लांबलचक होतं आणि डेम्मुसला प्रत्येक शब्दाचा मान राखायची सवय. ओलुफ्फा खिडकीशी बसली होती. आधी खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं होतं. मग कुंपणाची भिंत दिसली. मग भिंतीपलीकडची मेंढी दिसली. मग, सावकाश, कड्याची कड दिसली, आणि तिच्यापलीकडे निळं पाणी.

ओलुफ्फा खाकरली.

डेम्मुस वाचतच राहिला. ती पुन्हा खाकरली, आणि ओलुफ्फाचं खाकरणं म्हणजे काय ते लुंडाटोफ्टला माहीत होतं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं टोपी सावरली. डेम्मुसनं चष्म्यावरून खिडकीकडे पाहिलं. मग बोटाला थुंकी लावून पुस्तकाची पानं, एक नाही, दोन नाही, चांगली जाड चळत उलटली, आणि म्हणाला, “आमेन.”

दारात एल्स्पानं त्याला गाठलं. “रविवारी दोर? अहो, रविवारी आम्ही विणायची सुई हातात धरत नाही!”

“रविवारी काम करायचं नाही असं लिहिलंय,” डेम्मुस म्हणाला. “लग्नाला जायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

एल्स्पानं क्षणभर विचार केला. “मग मी कॉफीचं बघते,” ती म्हणाली आणि घराकडे धावली.

दोर होडीच्या खोपटातून निघाला. तरणे पुरुष सगळे ग्रीनलंडच्या बाजूला मासेमारीला गेलेले. दोराला धरायला उरले म्हातारे, हानुस आणि बायका. लुंडाटोफ्टच्या दोराला बाईचा हात तोवर लागला नव्हता. आता सगळ्या लोकरी शाली कमरेला बांधून रांगेत उभ्या राहिल्या. आणि खाली उतरायचं कुणी? दोराचा नियम जुना: सगळ्यात हलकं असेल त्यानं. सगळ्यांनी ओलुफ्फाकडे पाहिलं. ती आधीच नवऱ्याची जुनी विजार चढवून आली होती.

“या वयात?” कॉफीची किटली घेऊन आलेल्या एल्स्पानं विचारलं.

“मग काय, तू जातेस? तू गेलीस तर दोर आणि आम्ही सगळे तुझ्यामागून खाली.”

रान्वानं आईचा दंड धरला. तिचा चेहरा उतरला होता. “आई, नको. खरंच नको. एका मुळासाठी जिवाशी खेळायचं?”

“मुळासाठी नाही गं.” ओलुफ्फानं तिचा हात दंडावरून सोडवला, पण आपल्या हातातून लगेच सोडला नाही. “तुझ्या घरातून धूर निघालेला मला बघायचाय. माझ्या खिडकीतून.”

रान्वानं डोळे पुसले आणि दोराचं पहिलं स्थान धरलं, कड्याला सगळ्यात जवळचं. हानुस तिच्यामागे उभा राहिला आणि त्यानं टाच जमिनीत रोवली.

ओलुफ्फा लोकरीच्या पट्ट्यात बसली आणि कड्यावरून मागच्या मागे खाली गेली. आधी वरची माणसं दिसेनाशी झाली, मग आवाज ऐकू येईनासे झाले, मग नुसता वारा आणि पक्षी. पांढऱ्या पक्ष्यांनी तिच्यावर पोटातलं घाण तेल थुंकायला सुरुवात केली. एक पिचकारी टोपीवर, एक मानेवर. “थुंका, थुंका!” ती त्यांना म्हणाली. “लग्नात थोडं अंगावर उडायचंच!” खाली बघू नये म्हणतात, तिनं बघितलं. पाणी दूर, बारीक, फेसाळ दिसत होतं. आणि तिच्या अंगात असं काही संचारलं की तिला मोठ्यानं गावंसं वाटलं. आयुष्यभर ती या कड्यावर चालली होती, आणि कड्याचं तोंड आज पहिल्यांदा बघत होती.

पाय कंगोऱ्याला टेकले. आणि तिच्या गुडघ्यापाशी तो होता. पिवळाधमक! फुलाफुलातून बारीक दांड्या उभ्या, त्यांच्या टोकांवर पिवळी भुकटी, आणि त्यांच्यावर लहान काळ्या माश्यांची ही धांदल. वाऱ्यापासून आडोसा, वरून पक्ष्यांचं खत, मेंढराची भीती नाही. मजेत होता गडी. ओलुफ्फा गुडघ्यांवर बसली. तिच्या तोंडून आपसूक आदरार्थी निघालं.

“अहो, ओळखलंत का? मीच ती. मीच तुम्हाला घराबाहेर काढलं.” तिनं नाकावरचं तेल बाहीनं पुसलं. “तेव्हा अक्कल नव्हती. राग मानू नका. आमची बाई मरणाला टेकलीय, आणि माझ्या पोरीची चूल पेटायची आहे. चला.”

मूळ काढायचा तिनं प्रयत्न करून पाहिला, पण ते खडकाच्या भेगेत असं रुतलं होतं की सुरीचं पातं वाकलं. तेवढ्यात दोराला वरून दोन हिसके बसले. समुद्रावरून धुक्याची पट्टी परत येत होती. तिनं मूळ सोडलं, फुलांचे चांगले भरगच्च दांडे कापले, नवऱ्याच्या लोकरी टोपीत ठेवून टोपी छातीशी खोवली आणि दोर ओढला.

वर आली तेव्हा पहिलं काय दिसलं, तर हानुस. स्टुलावर चढायला भिणारा हानुस कड्याच्या कडेवर पोटावर पालथा पडला होता, मान खाली लोंबत होती, डोळे गच्च मिटलेले होते आणि हात मात्र तिच्या दिशेनं पसरलेला होता. “आई, आलात का?” त्यानं डोळे न उघडता विचारलं. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती.

“आले रे, बाळा. डोळे उघड, मागे सरक.” त्या दिवसापासून तिनं त्याला कधी चार ऐकवल्या नाहीत. तीनच ऐकवायची.

सगळं वऱ्हाड तसंच तिच्या घरापाशी आलं. ओलुफ्फा तेलानं माखलेली, विजारीतच शिडी चढली. हानुसनं सांगितल्याप्रमाणे पफिन पक्ष्याचं एक मऊ पीस घेऊन आधी पिवळ्या फुलांवर फिरवलं, मग छपरावरच्या हिरवट फुलांवर. एकूणएक फुलाला, हलकेच, बाळाच्या कपाळावरून बोट फिरवावं तसं. खाली गाव रविवारच्या कपड्यांत माना वर करून उभं होतं. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी लग्नातलं जुनं नाचाचं गाणं गुणगुणायला लागलं. रविवारी नाच चालत नाही, म्हणून पाय कुणाचे हलले नाहीत. पण हळूहळू सगळ्यांनी हात धरले, आणि गाणं मात्र कडव्यामागून कडवं रंगत गेलं. एल्स्पाची कॉफी गार झाली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

उन्हाळा सरला. तुरे लाल झाले. ओलुफ्फानं एक तुरा तोडून चिमटीत चोळला आणि तळहाताकडे पाहिलं. भुश्यात तपकिरी, धुळीसारखं बारीक काहीतरी होतं. भिंग आणलं. बी! तिनं ही आरोळी ठोकली, आणि डोंगरावरची मेंढरं वेळ नसताना घरी आली.

त्याच पानगळीत तिची बाई गेली. एके सकाळी बूड हाताला मऊ लागलं. ओलुफ्फानं मूळ कापून नाकाशी धरलं, वास नव्हता. आईनं, आईच्या आईनं आणि तिच्याही आईनं कापून दिलेलं ते मूळ, तिच्या हातात येऊन संपलं. ती छपरावर बसून मोकळेपणानं रडली. मग खाली आली आणि हानुसला म्हणाली, “पेरायचं कसं ते सांग.”

हानुसनं मासळीच्या दोन पेट्यांत वाळू-माती भरली, बी वर भुरभुरलं आणि पेट्या घराच्या उत्तरेला उघड्यावर ठेवल्या. “यांना थंडी लागते,” तो म्हणाला. “हिवाळा अंगावरून गेल्याशिवाय ही जागी होत नाहीत.”

ओलुफ्फानं मान डोलावली. पण पहिली गारपीट झाली तशी तिला राहवेना. तान्ह्या पोरांना कुणी असं उघड्यावर टाकतं? जावई शहरातला, त्याला काय कळतंय? तिनं एक पेटी गुपचूप आत आणली आणि चुलीमागे ठेवून तिच्यावर जुना स्वेटर पांघरला. नवं घर तयार होतं, पण मूळ नाही म्हणून चूल नाही. रान्वा आणि हानुस तो हिवाळा ओलुफ्फाच्याच घरात दाटीवाटीनं राहिले, आणि चुलीमागचा स्वेटर दोघांनाही दिसत होता.

वसंतात बर्फ वितळलं, आणि बाहेरच्या पेटीत हिरव्या टाचण्यांची टोकं वर आली. रोज जास्त! चुलीमागच्या पेटीत नुसती बुरशी. ओलुफ्फा ती पेटी स्वेटराखाली लपवून बाहेर नेत होती, तेव्हा रान्वानं दार उघडून धरलं.

“काय गं आई, उबदार बाळं कशी आहेत?”

“गप गं,” ओलुफ्फा म्हणाली. “आमच्या वेळी बाळं उबेत ठेवायचे.”

रोपं नखाएवढी झाली तशी तिनं त्यांतली दोन चमच्यानं उचलून रान्वाच्या छपरावर लावली, दाराच्या बरोब्बर वर. एक गेलं तर एक राहावं म्हणून. आणि खाली उतरून ती धावत आपल्या खिडकीशी जाऊन बसली. थोड्या वेळानं रान्वाच्या धुराड्यातून धूर निघाला. आधी बारीक, मग चांगला काळाभोर. ओलुफ्फा बघत राहिली, बघतच राहिली, आणि त्या दिवशी मेंढरांना खायला घालायचं राहून गेलं.

उरलेली रोपं तिनं गावात घरोघर वाटली. एल्स्पाला दोन दिली, आणि वर टोमणाही दिला. स्वतःच्या छपरावर मात्र एकही लावलं नाही. रान्वानं विचारलं तर म्हणाली, “रिवाज तो रिवाज. मूळ आईनं द्यायचं असतं. मला द्यायला माझी आई कुठून आणू आता?” लेक-जावई नव्या घरी गेले होते, ओलुफ्फा घरात एकटीच होती, आणि तिच्या छपराची ती जागा उघडीच राहिली.

पुढच्या काही हिवाळ्यांत गावातली कितीतरी रोपं सडली, पण कितीतरी तगली. हानुस म्हणाला होता अगदी तसं. रान्वाच्या छपरावरची दोन्ही तगली, गुबगुबीत झाली, आणि एका उन्हाळ्यात दोघांनाही एकदमच कळ्या आल्या. बघायला एल्स्पा आली. एक हिरवट फुललं होतं आणि एक भडक पिवळं.

“हा बघ मेला ऐतखाऊ!” एल्स्पा म्हणाली, आणि सवयीनं शिडीवर दोन पायऱ्या चढून तिनं हात घातला.

“एल्स्पाऽऽ! हात काढ! जावई आहे तो!”

पलीकडच्या गावची माणसं त्याही दिवशी बघायला आली, आग कुठे लागली म्हणून.

गर्दी पांगल्यावर रान्वा सुरी घेऊन शिडी चढली. तिनं हिरवट फुलांच्या झुडपाच्या बुडाची माती बाजूला केली, मुळाचा एक तुकडा कापला, आणि तो ओंजळीत धरून खाली उतरली. शिडी खांद्यावर घेतली आणि आईच्या घराकडे चालू लागली. ओलुफ्फा तिच्यामागून पळाली.

“काय करतेस? अगं, उलटं चाललंय हे! मूळ आईकडून लेकीकडे जातं!”

“यंदा लेकीकडून आईकडे जाईल. शिडी धर.”

ओलुफ्फानं शिडी धरली. जन्मात पहिल्यांदा तिच्या घराच्या छपरावर दुसरं कुणीतरी चढत होतं आणि ती खाली होती. वर रान्वानं उघड्या जागेतली माती बोटांनी भुसभुशीत केली, तुकडा बसवला, हातानं दाबला. ताज्या कापलेल्या मुळाचा गुलाबाचा वास शिडीवरून खाली उतरला.

ओलुफ्फाला म्हणायचं होतं, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे हो. तिनं तोंड उघडलं. पण शेजारी अंगणात कपडे वाळत घालणारी एल्स्पा नंतर गावभर शपथेवर सांगत होती, की ओलुफ्फाचे ओठ हलले आणि आवाजच आला नाही.